डिश लावून देणाऱ्या दादांना, मिरजेतनं

दादा, नमस्कार. त्या दिवशी तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, नंबर पण घेतला नाही, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितोय, मिरजेतलं कुणीतरी पोचवेलच.

केबलचं बिल वाढत चाललेलं म्हणून आईनं चिडून कनेक्शनच काढलेलं. तुम्ही समोरच्या घरी वायर जोडायला आलेला, तिनं गच्चीवरनंच हाक मारली. तुम्ही म्हणालात दूरदर्शनची फ्री डिश बसवा, डिश-बॉक्सचा एकदाच काय तो खर्च, महिन्याचा रिचार्ज नाही. ही सोय म्हणे २००४ पासून आहे आणि आम्ही इतकी वर्षं पैसे भरत बसलो, जाऊ दे.

डिशचं तोंड आग्नेयेला पाहिजे आणि नेमकं तिकडंच शेजारच्यांचं शेवग्याचं झाड. तुम्ही वरनं ओरडताय "सिग्नलची क्वालिटी किती?", टीव्हीवरची पट्टी बघत मी खालनं "शून्य... वीस... परत शून्य!" शेवटी डिश उचलून पाण्याच्या टाकीपलीकडं नेलीत आणि पट्टी एकदम साठच्या वर. आता आई दुपारी सह्याद्रीवर जुने पिक्चर बघते, जाहिरातींना शिव्या घालते पण जागची उठत नाही.

मला मात्र आभार मानायचेत ते रेडिओच्या बटणाचे. जाता जाता तुम्ही दाखवलेलं, "ह्यात आकाशवाणी पण लागते बघा," मी नुसतं हं हं केलं. मग एका रात्री झोप येईना म्हणून दाबलं तर आकाशवाणीचं रागम चॅनल लागलं, चोवीस तास शास्त्रीय. कुणी बाई कर्नाटकी गात होत्या, शब्द एक कळला नाही, पण मागचा तंबोरा ओळखीचा वाटला. सतारमेकर गल्लीतनं शाळेला जायचो आम्ही, दुकानाबाहेर तंबोऱ्याचे भोपळे, आत कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा सरकवत जवारी लावतोय, म्हणजे तारेचा झंकार जुळवतोय, एकच तार परत परत छेडतोय, आम्हाला वाटायचं ह्याला दुसरं काम नाही का. मोठे शास्त्रीय गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, १९३७ ला गेले, त्यांची कबर इथल्याच दर्ग्यात, उरुसात तिथं रात्र रात्र गाणं चालतं आणि मी जायचो ते पाळण्यात बसायला. त्यांनी पण कर्नाटकी ऐकूनच सरगम आपल्या गाण्यात घेतली म्हणे, हे मला चाळिशीत कळतंय, ते पण टीव्हीच्या डब्यातनं.

ह्या उरुसाला गाणं ऐकायला जाणारे, पहिल्यांदाच. आणि दादा, त्या दिवशी निम्मा कप चहा ठेवून गेलात, आई अजून बोलते त्यावरनं, तेवढं एकदा येऊन मिटवा.