बेलुगा म्हणालो आणि फसलो

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, तुझ्या दोन मेसेजना नुसता अंगठा दाखवून मोकळा झालो. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. साखर तेवढीच, गोळ्या वाढल्या.

आज लिहायला बसलो कारण ही भानगड तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही. चिऊचं ठरलं. मुलगा साशा. चांगला आहे, तिच्याआधी उठून चहा करतो, आणखी काय पाहिजे? आईवडील मूळचे ओडेसाचे, 1991 पासून न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचला, त्या रशियन बोलणाऱ्यांच्या वस्तीत. पहिल्याच भेटीत व्याह्यांनी, म्हणजे बोरिसने, विचारलं, "मॉस्कोत होतात म्हणे?" झालं. माझं तोंड तुला ठाऊक आहे. लुमुंबा युनिव्हर्सिटी, मिक्लुखो-माक्लाया रस्ता, सहा वर्षं, अशी जी गाडी सुटली ती थेट काळ्या इक्रेवर, म्हणजे कॅव्हिअरवर, जाऊन थांबली. "थंडीत आम्ही चमच्याने खायचो," म्हणालो. त्याने भुवया वर केल्या. "कुठली? असेत्रा?" मी थेट सगळ्यात महागड्या माशाचं नाव घेतलं, "छे, बेलुगा!" तो हसला आणि म्हणाला, मग आपल्या जेवणाचं हॉटेल तुम्हीच ठरवा.

बाळ्या, मी किती बेलुगा खाल्लाय ते जगात एकट्या तुला माहीत आहे.

डिसेंबर 1985. भाषेच्या बाईंनी दिलेली ती 113 ग्रॅमची बरणी, निळं झाकण, त्यावर मासा. नववर्षाच्या रात्रीपर्यंत जपायची म्हणून मी अवोस्कात, त्या जाळीच्या पिशवीत, घालून फोर्तोच्कीबाहेर, खिडकीच्या छोट्या झडपेबाहेर, टांगली. बाहेर उणे वीस. सकाळी आत दगड. तो रेडिएटरवर ठेवायची अक्कल तुझी. (टांगायची माझी, हे मी तेव्हापासून कबूल करतोय, तू तुझं अजून करत नाहीस.) दाणे फुटले, काळी पेज झाली, आपण ती पावाला फासली आणि तू म्हणालास, भरल्या वांग्याचा मसाला करपला की असाच लागतो. बरणीवर जात कुठली लिहिली होती तेही आपण वाचलं नाही.

आता तीन आठवडे अभ्यास चाललाय, डिग्रीला एवढा केला नव्हता. पहिलाच धक्का म्हणजे बेलुगाच्या आयातीवर इथे 2005 पासून बंदी आहे. बोरिसला हे माहीत असणार, म्हणूनच हसला मेला. दुसरा धक्का, 2022 च्या मार्चपासून रशियाची मासळीच अमेरिकेत यायची बंद, त्यात इक्राही आली. म्हणजे 'रशियन कॅव्हिअर' लिहिलेलं दिसलं तर डबा उलटा करायचा. त्यावर एक पट्टी असते. आधी माशाच्या जातीची तीन अक्षरं, असेत्रा असेल तर जीयूई. मग डब्ल्यू म्हणजे रानातला मासा, सी म्हणजे पाळलेला. मग देश, मग वर्ष. दुकानात मी चार डबे उलटे केले. चारांवर सी, तिघांवर चीन. दुकानदार माझ्याकडे मी इन्कम टॅक्सचा असल्यासारखा बघत होता. आई असती तर म्हणाली असती, गाबोळीच ना ही? मग बांगड्याची काय वाईट?

आता हॉटेलं. कार्नेगी हॉलला चिकटून रशियन टी रूम आहे, 1927 ची, झारच्या बॅले मंडळींनी काढलेली. लाल बैठका, समोवार, सोनेरी लखलखाट. आमच्या शाकाहारी शुभाला आवडेल, पण मला ते थेट लग्नाच्या हॉलसारखं वाटतं. मॅडिसन अव्हेन्यूवर कॅव्हिअर रूस आहे, त्याला मिशेलिनचा तारा. इक्रेसाठी तिथेच जावं, मान्य. पण रशियन फक्त नावात. पुढची ताटं फ्रेंच वळणाची, प्रत्येकात दोन घास, आणि शुभाने तिथे काय खायचं, मोत्याच्या शिंपल्याचा चमचा? ब्रायटन बीचचा विषय मी स्वतःच काढून टाकला. दादरच्या माणसाला दादरला बोलावून जेवायला घालायचं म्हणजे काय!

आणि खरी पंचाईत 'रशियन' या शब्दाची. बोरिसची मावशी अजून ओडेसात आहे. सायरन वाजला की विहीणबाई जेवता जेवता फोन उचलतात. त्यांच्यासमोर मी बोर्शला रशियन सूप म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत, साशाने टेबलाखालून लाथ मारली. मग वाचलं, युनेस्कोने 2022 च्या जुलैत युक्रेनी बोर्शची परंपरा तातडीने जपायच्या यादीत घातली. आपण सहा वर्षं रोज ओरपलं आणि कुणाचं ते विचारलं नाही रे.

शेवटी 52व्या रस्त्यावरचं रशियन समोवार धरलंय. तेही नावाने रशियनच, पण 1986 साली ते काढलं देश सोडून आलेल्यांनी. पैसे घालणाऱ्यांत कवी ब्रॉडस्की आणि बॅले नर्तक बॅरिश्निकोव. बोरिसला ब्रॉडस्की तोंडपाठ आहे, निदान तो तसं म्हणतो. (तोही माझ्यासारखाच नसेल कशावरून?) पियानो आहे, मुरवलेली व्होडका आहे. शुभासाठी बटाट्याचे वरेनिकी मिळाले म्हणजे झालं, आपल्या करंजीचाच मावसभाऊ. मंगळवारचं टेबल घेतलंय, कारण शनिवार शुभा पाळते. इक्रा 30 ग्रॅमच मागवणार. सहा माणसांत किती येईल हिशेब कर, तेव्हाच्या पेजेपेक्षा कमी.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची पेन्शन सुरू झाली का? मन्याला नोकरी लागल्याचं कळलं, त्याला शाबासकी दे, सविस्तर पुढच्या पत्रात. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मात्र लगेच घे, लग्न डिसेंबरात आहे.

आणि बोरिस तुला गाठणार हे नक्की. "चमच्याने खायचो" एवढंच म्हण. रेडिएटरचं नाव काढलंस तर अवोस्का मी टांगली हेही मी नाकबूल करीन.

तुझा,
सुध्या