पाळणाघरात मुलं यायला लागली

राजेंद्रनगर, इंदूर
रंगपंचमीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. चिकूचा खोकला पूर्ण गेला. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, मधेच आई फोन घेते, आणि सांगायचं निम्मं तसंच राहतं, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलेय. सोनू, तू हे मोठ्यानं वाचून दाखव. शेवटी तुझ्या लग्नाचं आणि पैशांचं लिहिलंय, तेही वाच, लाजून गाळू नकोस.

आधी मुख्य बातमी. पाळणाघरात आता चार मुलं येतात, आणि पाचव्याची आई पुढच्या महिन्यापासून ठेवते म्हणालीय. दिवाळीनंतर फाटकावर ‘पाळणाघर – झूलाघर’ अशी पाटी लावली, तेव्हापासून संक्रांतीपर्यंत पाळणा रिकामाच होता. तुम्ही विचारायचात तेव्हा ‘चौकशा चालू आहेत’ म्हणायचे, ते खरंच होतं. पेपरातून पत्रकं टाकली होती, त्यावरून फोन यायचे, पण ‘कितना लेते हो’ एवढं विचारून ठेवून द्यायचे. इथल्या बायका म्हणाल्या, पहिला महिना फुकट ठेव. ह्यांचंही तेच मत होतं. मी ऐकलं नाही. फुकट म्हणून आलेली आई पैसे मागितल्या दिवशी निघून जाणार, आणि रुळलेल्या पोराला पुन्हा नवी जागा, नवे चेहरे. त्यापेक्षा मी सांगितलं, आईनं हवं तितक्या वेळा येऊन बसावं, बाळानं आधी तासभर राहावं, मग दोन तास, मग जेवणापर्यंत. त्याचा एक पैसा घेणार नाही. पण महिना सुरू झाला की पूर्ण फी, आणि तीही आगाऊ. बाबा, तुम्हाला वाटतं मी भिडस्त आहे, कुणीही मला गुंडाळेल. तसं नाही हो.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी मुद्दाम त्याच खोलीत केलं. गल्लीतल्या आणि महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्या बायकांना बोलावलं. वाण म्हणून स्टीलची छोटी वाटी आणि बाळाचा चमचा दिला. पत्रक वाचून कुणाच्या घरात कुणी मूल सोडत नाही, पण तिळगूळ खाताना सगळ्यांनी सतरंजी पाहिली, खिडकीची जाळी पाहिली, न्हाणीघर पाहिलं. त्यातल्या कितीजणींची मुलं आता मोठी झालीत, पण त्यांच्या सुना, भाच्या, ऑफिसातल्या मैत्रिणी आहेत ना! दोन मुलं त्या हळदीकुंकवातूनच आली.

पहिलं मूल मात्र कचऱ्याच्या गाडीमुळे आलं. आता हे तुम्हाला नीट समजावून सांगावं लागेल, कारण आई इथं आली होती तेव्हा मी दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते हे पाहून तिला माझी काळजीच वाटली होती. अगं आई, इथं सगळेच तसं करतात. सकाळी गाणं वाजवत गाडी येते आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका डबे घेऊन खाली येतात. ओला आणि सुका एवढंच वेगळं करून भागत नाही, सहा प्रकार आहेत. ओला, सुका, प्लास्टिक, बिघडलेल्या वायरी-चार्जरसारखा इलेक्ट्रॉनिक, जुनी औषधं आणि फुटक्या ट्यूबसारखा घातक, आणि बाळांचे डायपर वगैरे एकदम वेगळे, कागदात गुंडाळून. एकत्र दिलंत तर गाडीवाला डबा परत करतो, आणि शेजारणींसमोर परत करतो. 2017 पासून सलग सात वेळा इंदूरनं स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळवला तो काही उगीच नाही. ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथं 2022 मध्ये मोठा प्रकल्प झाला, रोज 550 टनांपर्यंत कचरा घेऊन त्याचा गॅस करतात आणि त्यावर शहरातल्या बस चालतात. म्हणजे आपल्या भाज्यांच्या देठांवर बस धावते! बाबांना हे आवडेल, म्हणून एवढं लिहिलं.

तर, जाऊबाईंची परीक्षा होती तेव्हा त्यांचं बाळ दिवसभर माझ्याकडे असायचं. समोरच्या इमारतीतली एक जण रोज गाडीपाशी भेटायची. तिनं माझ्या हातात डायपरच्या पुड्या पाहिल्या आणि विचारलं, ‘आपका बेटा तो बड़ा है ना, भाभी?’ मी सांगितलं. तिची सहा महिन्यांची, म्हणजे कायद्यानं मिळते ती 26 आठवड्यांची रजा संपत आली होती. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय करावीच लागते, पण तिचं ऑफिस छोटं. सासू गावाकडे. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. खेळण्यांकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. न्हाणीघराची फरशी पायानं घासून पाहिली, गीझरच्या नळाखाली हात धरला, गच्चीच्या दाराची कडी वर आहे का पाहिलं, आणि मग पाळण्याच्या दोऱ्या ओढून पाहिल्या. मला तिचं फार बरं वाटलं. मीही चिकूसाठी तेच पाहिलं असतं.

तिची मुलगी पहिले काही दिवस दूधच घेईना. मी तिच्या आईला म्हटलं, तुझी वापरलेली, न धुतलेली ओढणी दे. ती घडी करून उशाशी ठेवली, आणि बाटली देताना खांद्यावर टाकली. तिसऱ्या प्रहरी बाटली संपली. आईला फोटो पाठवला तर तिचा फोनच आला, बोलायला काही येईना तिला. त्यानंतर तिनं ऑफिसात कुणाकुणाला सांगितलं असेल ते असेल, मला कुणाला काही सांगावं लागलं नाही.

कॅटमध्ये, म्हणजे इथल्या अणुऊर्जा खात्याच्या संशोधन केंद्रात, नोकरी करणारं एक मराठी जोडपं आहे, त्यांची आजी तर घरूनच वाटी घेऊन आली. झोपाळ्यावर बसून मेथी निवडत होती आणि मी दुसऱ्या मुलाला कसं भरवते ते पाहत होती. जाताना म्हणाली, ‘तू घास कोंबत नाहीस, थांबतेस. आमचा नातू उद्यापासून येईल.’ मी तिला वाकून नमस्कार केला.

आता तुमच्या काळजीचं. दुसऱ्यांची मुलं, काही कमी-जास्त झालं तर? बाबा, मी हे तुमच्याआधी शंभरदा मनात आणलंय. सहापेक्षा जास्त मुलं घ्यायचीच नाहीत असं ठरवलंय. मदतीला एक मावशी आहेत. प्रत्येक मुलाच्या लसीच्या कार्डाची प्रत, त्यांच्या डॉक्टरांचा नंबर, काय खाल्लं की त्रास होतो ते, आणि घ्यायला कोण येणार त्यांचे फोटो, सगळं एका वहीत आहे. वहीत फोटो नसलेला काका आला तरी आईचा फोन आल्याशिवाय मूल देत नाही. ताप असेल तर त्या दिवशी मूल घेत नाही, मग कुणाला राग आला तरी चालेल. बटणांना झाकणं आहेत, इन्व्हर्टर आहे. ह्यांची नोकरीही व्यवस्थित आहे, काही अडलंय म्हणून मी हे करते असं कृपा करून कुणाला वाटू देऊ नका. चिकूचीही आबाळ होत नाही, उलट त्याला भावंडं मिळाल्यासारखं झालंय.

आणि आत्या म्हणाली ना, एम.कॉम. झालेली पोर दुसऱ्यांच्या पोरांचं शी-शू काढते. तिला तुम्ही काही बोलला नाहीत, ते मला सोनूकडून कळलं. बाबा, ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मग अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कोसबाडला गेल्या, आदिवासी वाडीतल्या अंगणात मुलं बसवून, त्यांना आंघोळी घालून त्यांनी शिकवलं, हे मला तुम्हीच सांगितलंय. तुमच्या शाळेतून आल्यावर, चहा पिताना. मी त्यांच्या पासंगाला पुरणार नाही. पण काम त्याच वाटेवरचं आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. आत्याला एवढं सांगा.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं, वहिनी होती म्हणून सगळं नीट निभावलं. मी मुलं टाकून येऊ शकले नाही, पण रोज संध्याकाळी ‘आता ड्रॉप घातले असतील’ म्हणून घड्याळ बघायचे. आई, आता फोडणीचा धूर अजिबात नको, चुलीपाशीही बसू नकोस.

दिवाळीला तुम्ही मला पैठणीसाठी पैसे पाठवले होते. त्यांतून पाळणा, सतरंज्या आणि इन्व्हर्टर घेतला. पैठणी पुढे होईल. आईनं मनाला लावून घेऊ नये.

सोनूचं ठरतंय हे ऐकून इतका आनंद झाला! कराडचं स्थळ चांगलंच आहे, मुलाशी माझं फोनवर बोलणं झालं, शांत वाटला. पण बाबा, तारखेचं तेवढं पाहा. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की थोडी मोठी मुलंही माझ्याकडे येतील, आणि त्यांच्या आया माझ्या भरवशावर कामाला जाणार. रविवार किंवा सोमवारचा मुहूर्त निघाला तर मी हळदीच्या आदल्या दिवशी पोचेन. आई म्हणते पंधरा दिवस आधी ये. मलाही यायचंय गं. माझ्या लग्नात सोनूनं रुखवताचं सगळं मांडलं होतं, आणि तिच्या वेळी मी पाहुण्यासारखी येणार. रुखवताचं भरतकाम मी इथं करतेय, ते दादाबरोबर आधी पाठवते.

पतपेढीचं कर्ज काढू नका. मानपानाचा आकडा त्यांनी वाढवला तर स्पष्ट नाही म्हणा, सोनूलाही तेच हवंय. दादाच्या खात्यावर मी 30 हजार पाठवले आहेत. ते पाळणाघराच्या फीचे आहेत, ह्यांच्या पगारातले नाहीत, म्हणजे जावयाचे पैसे कसे घ्यायचे हा प्रश्न बाबांनी काढू नये. मुलीचे आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणखी पाठवेन. हॉलची आगाऊ रक्कम त्यातून भरा.

वहिनीला, दादाला नमस्कार, चिंगीला पापा. आत्यालाही माझा नमस्कार सांगा.

तुमची,
मनू

ता. क. दादाला म्हणावं, पैसे आले की लगेच मेसेज टाक. आणि सोनूच्या ब्लाउजचं माप लिहून पाठवा, इथं महेश्वरीचं कापड चांगलं मिळतं, शिवूनच आणते.