उघड्यावरचा पहिला मुक्काम शिकवणारा असावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सरला की शनिवार-रविवारी पवना जलाशयाच्या काठावर आणि भंडारदऱ्याच्या परिसरात तंबूंच्या रांगा लागतात. आयुष्यात प्रथमच उघड्यावर रात्र काढायला आलेली कुटुंबेही त्यांत असतात, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. परंतु आधीच उभारलेला तंबू, तयार जेवण आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे ध्वनिवर्धक एवढेच बहुधा त्यांच्या वाट्याला येते. ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० सालापासून लागू आहेत आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास त्यांत मनाई आहे. तरीही लहान मुलांना घेऊन आलेल्या आईवडिलांना शांततेसाठी विनवण्या कराव्या लागतात.

माझे म्हणणे असे की, नवख्या कुटुंबाला पहिल्या मुक्कामात सोयींपेक्षा शिकवणाऱ्या माणसाची गरज अधिक असते. तंबू कोरड्या ओढ्याच्या पात्रात किंवा वाळलेल्या फांद्यांखाली का लावू नये, हे त्याला कोणीतरी जागेवर दाखवावे लागते. थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या झडपा बंद केल्या, तर श्वासातली वाफ आतल्या कापडावर साचून पहाटे अंथरूण ओले होते. याहून गंभीर बाब म्हणजे उबेसाठी पेटत्या कोळशाची शेगडी आत घेणे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो जीव घेऊ शकतो. ही एक गोष्ट जरी प्रत्येक कुटुंबाला मुक्कामाच्या पहिल्या तासात सांगितली गेली, तरी शिबिराचे सार्थक होईल. सकाळी बूट झटकून घालणे, अंधारात विजेरीशिवाय पाऊल न टाकणे, खाण्याचे पदार्थ तंबूत न ठेवणे या सवयी त्यामानाने सहज लागतात.

मुलांना मिळणारा आनंदही याच शिकण्यातून येतो. माघातल्या अमावास्येच्या आसपास रात्री मृगातले तीन तारे ओळखून त्याच रेषेत खाली व्याध शोधता येतो, दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका दिसतो. शहरातल्या गच्चीवरून हे इतके स्पष्ट क्वचितच दिसते.

अमेरिकेतील टेक्सासमध्ये राज्य उद्यानांचे खाते नवख्या कुटुंबांसाठी असे मुक्काम घडवून आणते. तंबू व भांडी पुरवते आणि उद्यानाचे कर्मचारी ती वापरायला शिकवतात. आपल्याकडे भंडारदऱ्याला पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, आसपास कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, आणि कळसूबाई व सांदण दरीत पर्यटकांना वाट दाखवणारे स्थानिक तरुणही आहेत. वन विभाग आणि महामंडळ यांनी गावच्या समितीला सोबत घेऊन कार्तिक ते माघ या काळात मोजक्या कुटुंबांची शिबिरे भरवावीत, तंबू नाममात्र भाड्याने द्यावेत आणि शिकवण्याचे काम याच तरुणांकडे सोपवून त्यांना त्याचा रीतसर मोबदला द्यावा. जेवण गावातल्या घरांतून यावे. तिथली नाचणीची भाकरी आणि पिठले मुलांनी चुलीपाशी बसून खावे. अभयारण्याच्या हद्दीत मुक्कामास परवानगी नसेल तिथे बाहेरची जागा निवडावी.

वळवाच्या दिवसांतल्या काजव्यांच्या हंगामात मात्र ही शिबिरे ठेवू नयेत. काजवे प्रकाशाच्या खुणेने जोडीदार शोधतात आणि गाड्यांच्या दिव्यांनी त्यात अडथळा येतो. त्या गर्दीत आणखी भर नको.

येत्या हिवाळ्यात निदान भंडारदऱ्यापासून सुरुवात व्हावी आणि शुल्क इतके असावे की मुंबई-नाशिकच्या चाळींत राहणाऱ्या कुटुंबांनाही ते परवडेल, अशी माझी संबंधित खात्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक