चि. सोनूस, खारघरच्या घराबद्दल

ठाणे

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ करतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहून पाठवतोय. तुझं वाचून झालं की मैत्रिणीलाही दे. घर दोघींचं आहे.

रविवारी तुझ्या इंडक्शनचा प्लग उपसला तेव्हा त्याची एक पिन काळवंडली होती, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं आणि हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. ‘चालतंय की अजून,’ असं तू म्हणालीस. अगं, २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर करंट ओढते आणि तुझा एक्स्टेन्शन बोर्ड आहे ६ अँपिअरचा. मोठा प्लग बसावा म्हणून तू कन्व्हर्जन प्लग आणलास. त्याने आकार जुळला, ताकद नाही वाढली. सॉकेटमधली पितळी पत्ती तापून सैल होते, सैल झाली की आणखी तापते. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडला नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. तो फक्त करंट किती गेला ते बघतो, सैल जोड त्याला कळत नाही. घरमालकांना सांगून वायरमनकडून ओट्याजवळ १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घे. तोवर इंडक्शन बंद, आणि यात सवलत नाही.

वागळे इस्टेटमध्ये मेंटेनन्सला असताना मी हेच बघत आलो. यंत्र सहसा एकदम जळत नाही. आधी तापतं, रंग बदलतं, वास सोडतं. ते ज्याच्या ध्यानात येतं त्याचं काम स्वस्तात होतं.

तुझा कुकरही तेच सांगतोय. शिट्टी उशिरा होते आणि झाकणाच्या कडेने पाणी गळतं, म्हणजे रिंग कडक झाली आहे. गॅस मोठा करून भागवू नकोस. डाळ लावताना कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, कारण डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत जाऊन बसतो. झाकण धुतलं की उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का ते बघ.

गॅसचं मात्र नीट समजून घे, कारण इथलं आणि तिथलं वेगळं आहे. आपल्याकडे सिलिंडर, तो गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. तुझ्याकडे पाइपचा, तो हलका, वर छताशी जातो. आणि तुम्ही कबुतरं येतात म्हणून वरची हवा जायची झडपच पुठ्ठ्याने बंद केली आहे! पुठ्ठा काढा, जाळी बसवा. वास आला तर आधी कॉक बंद, मग खिडक्या उघड्या. दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही.

बाथरूममध्ये अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

आता तुझ्या रंगांबद्दल. गॅलरीच्या कोपऱ्यात तू रंग पुसलेली फडकी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवतेस, त्या पिशवीची मला इंडक्शनपेक्षा जास्त काळजी आहे. ऑइल पेंट वाळतो तेव्हा त्यातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती निघून जाते. बोळा करून कोंबलं की आतल्या आत साठत जाते आणि काडी न लावता फडकं पेट घेऊ शकतं. प्लग काळा पडून सांगतो तरी. पिशवीच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. काम झालं की फडकी दोरीवर एकेक सुटी पसर आणि पार कडक वाळली की मगच टाक. पावसाळ्यात ती वाळणार नाहीत, तेव्हा पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवायची आणि झाकण लावायचं. चित्रं काढणं सोडू नकोस. ते घाटाचं चित्र आईने दोन शेजारणींना दाखवलं.

शनिवारी येतोय. कुकर किती लिटरचा आणि कोणत्या कंपनीचा ते कळव, म्हणजे जांभळी नाक्यावरून रिंग घेऊन येतो. फडक्यांसाठी झाकणाचा डबा माझ्याकडे आहे, तोही आणतो. आजच्या आज ती पिशवी मात्र मोकळी कर.

तुझे,
बाबा