सोफ्याचे अठरा हजार चारशे

ती. बाबा व आई यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. फोनवर सांगायला गेलं की बाबा ‘हो हो, कळलं’ म्हणतात आणि आई मागे कुकरच्या शिट्ट्या मोजते, म्हणून लिहूनच पाठवतेय.

बाबा, बँकेच्या स्टेटमेंटच्या फोटोत ज्या १८,४०० भोवती तुम्ही पेन्सिलीने दोनदा गोल केलात, ते पैसे कोणी लुबाडलेले नाहीत. तो आपला सोफा-कम-बेड आहे.

तुमचंही बरोबर होतं. स्टेटमेंटवर त्या रकमेपुढे जे नाव आहे, त्या नावाच्या दुकानाची पायरी आपण कधी चढलोच नाही, आणि सोफा ठरला होता २३,४०० ला. पण आईला बिल सापडलं (गॅसच्या पुस्तकात, चार घड्या घालून!). वर ठसठशीत अक्षरांत पाटीवरचं नाव, खाली सहीपाशी ‘करिता’पुढे बारीक अक्षरांत दुसरंच. बिलावरचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक मी जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकून पाहिला. तिथे धंद्याचं कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव, दोन्ही दिसतात. कायदेशीर नाव तेच, स्टेटमेंटवरचं. कार्डाचं मशीन घेताना मालकाने तेच नाव दिलं असणार.

आकड्याचं कोडं आईनेच सोडवलं. बुकिंगला तिने पर्समधून ५,००० रोख दिले होते. उरलेल्यांसाठी कार्ड लागलं ते दहा दिवसांनी, आपल्या दारात, टेम्पोवाल्या पोराच्या मशीनवर. पिन तुम्हीच दाबलात. एक डोळा जिन्यातल्या हमालांवर होता, भिंतीला ओरखडा पडतोय का म्हणून. कसं लक्षात राहणार?

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. चार दिवस तुम्ही कुणालाच बोलला नाहीत. ‘विसरायला लागले’ असं आम्ही म्हणू, म्हणून ना? इथे दिवस मोजले जातात, बाबा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घातला: चूक आपली नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी हात मारला, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की आपल्यावर एक रुपयाही येत नाही. चौथ्यापासून सातव्यापर्यंत थोडी झळ आपल्याला, त्यापुढे बँकेचं धोरण म्हणेल तसं. आणि ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

कुणाला सांगायचं नाही म्हणूनच तुम्ही गूगलवर बँकेचा ‘कस्टमर केअर’ नंबर शोधलात, आणि तो निघाला खोटा. आईने मला सांगितलं, तिला रागावू नका. पलीकडच्याने तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं आणि नेमकी तेव्हाच वीज गेली, वायफाय बंद पडलं. महावितरणला इतके मनापासून धन्यवाद मी आयुष्यात दिले नसतील. खरा नंबर कार्डाच्या पाठीवर असतो. मी तो मोठ्या अक्षरांत लिहून सोबत ठेवलाय, फ्रिजवर लावा. पैसे खरंच गेले तर कार्ड आधी बंद करायचं, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग मला. रात्री दोन वाजले असले तरी.

आई, बिल परत गॅसच्या पुस्तकात ठेवू नकोस, वॉरंटी त्यावरच आहे. आणि सोफ्यावरचं प्लास्टिक काढ आता. बाबा म्हणतात, बसलं की घाम येतो.

तुमची,
ताई