विषय: पुढच्या चाकातला कट-कट आवाज आणि आपल्या सर्व्हिस सेंटरची उत्तरे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आपल्या चिपळूणच्या सर्व्हिस सेंटरचा फोन ठेवून लगेच हे लिहायला बसलो आहे, तेव्हा 'सविनय' वगैरे राहू दे.

गाडी वॉरंटीत आहे. डावीकडे फुल टर्न मारला की पुढच्या उजव्या चाकातून कट-कट-कट आवाज येतो. रेस दिली की वाढतो, स्टिअरिंग सरळ केले की बंद. बेअरिंग गेले असते तर सरळ रस्त्यावरही घूं-घूं ऐकू आली असती. टायरच्या खाचेत खडी असती तर ती वळण बघून वाजली नसती. हा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही इंजिनाची ताकद पोचवणारा सांधा, हे गाडी बनवणाऱ्यांना गुहागरच्या गिऱ्हाइकाने सांगायचे? त्याचा रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत आणि माती बाहेर ठेवणारे आवरण, घडीवर फाटला आहे, रिमच्या आतल्या अंगाला ग्रीस उडाले आहे आणि उरलेल्या ग्रीसमध्ये तांबडी माती कालवली गेली आहे. फोटो पाठवले आहेत.

जॉब कार्डवर शेरा : 'आवाज आढळला नाही.' कसा आढळेल? तुमच्या माणसाने बहादूरशेख नाक्यावरून गाडी हायवेला सरळ पळवली आणि सरळ परत आणली.

आता आजचा फोन. सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणाले, "काका, आवाज फक्त पूर्ण वळवल्यावरच येतो ना?"

"हो."

"मग पूर्ण वळवू नका ना!"

मला वाटले, थट्टा करताहेत. नव्हते करत. आमच्या वाडीत शिरताना दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा आहे आणि कोपऱ्यावर फुल टर्न मारल्याशिवाय गाडी आत येत नाही, हे सांगितले. त्यावर थोडा वेळ शांतता. मग, "काका, गाडी बाहेर रस्त्यावर लावता नाही का येणार?" म्हणजे जॉइंट बदलण्यापेक्षा गडगा पाडणे सोपे! जाहिरातीत तुमची गाडी किनाऱ्यावर गरागरा फिरते, तिथे स्टिअरिंग अर्धेच वळवतात वाटते.

शेवटी सांगितले की बूट रबराचा, वॉरंटीत बसत नाही. जो आवाज आढळलाच नाही त्याची वॉरंटी नाकारता कशी? एक काहीतरी ठरवा. आणि पुन्हा सांगतो, सरळ रस्त्यावर हा आवाज येतच नाही.

आमच्या घरातली ही तुमचीच दुसरी गाडी. तिसरी नसेल.

मला शेजारी बसवून मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना फुल टर्नमध्ये सावकाश गाडी फिरवावी, बूट आणि जॉइंट वॉरंटीत बदलून द्यावा, नकार असेल तर कारणासह लेखी द्यावा. १५ दिवसांत काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करीन आणि रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळच वेळ असतो.

तोवर 'फीडबॅकला दहापैकी दहा द्या' म्हणून कुणी फोन करू नये.

आपला,
एक वॉरंटीधारक, ता. गुहागर