कानाची काळजी घे गं

मनू,

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, कॉन्सर्टहून आल्यापासून उजव्या कानात शिट्टी वाजतेय, आणि लगेच पीजीच्या जेवणाचा विषय काढलास. मी तेव्हा काही बोलले नाही पण रात्रभर तेच डोक्यात. दाखवलंस का कुणाला? बरं ते नंतर, आधी दुसरंच सांगायचंय.

परवा आत्या म्हणाली, "ते कोरियन खूळ गेलं की नाही अजून?" आणि तू गप्प बसलीस. खूळ कसलं गं! मी नववीत असताना 'मैंने प्यार किया' आला, १९८९ संपता संपता, आणि मी सलमानसाठी नुसती वेडी झाले. नंदूमामाच्या टेपवर ती कॅसेट दिवसरात्र. कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात नावं असायची, तिथे एस. पी. बालसुब्रह्मण्यम वाचलं होतं पण लक्ष सगळं फोटोकडे. मग एकदा लाइट गेलेली, ट्रान्झिस्टरवर विविधभारती चालू आणि 'एक दूजे के लिए'मधलं गाणं लागलं, म्हणजे पडद्यावर कमल हासन, सलमानचा काही संबंधच नाही, तरी पोटात तस्संच झालं. तेव्हा कळलं की दोन्हीकडे गाणारे तेच, एसपीबी, आणि मी त्या आवाजावर भाळलेय. मग त्यांनी गायलेली, संगीतकार इळैयाराजांची तमिळ गाणी शोधून शोधून ऐकली, शब्द एक कळत नव्हता. आणि 'मैंने प्यार किया'चे रामलक्ष्मण म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील, दादा कोंडकेंच्या सिनेमांना संगीत देणारे, हे कळल्यावर तर ती गाणी परत नव्याने ऐकली. सलमान कधीच मागे पडला, कान राहिला.

तुझंही तेच झालंय, मी बघितलंय. आठवीत कपाटाच्या दारावर बीटीएस या कोरियन बँडमधल्या व्हीचा फोटो, त्याला जॅझ आवडतं म्हणून तू जॅझ ऐकायला लागलीस, आणि आता चेट बेकरचा ट्रम्पेट लावून स्वयंपाक करतेस. त्या दिवशी मला म्हणालीस, "आई, ही मधली शांतता ऐक." मी ऐकली. इतकं बारीक ऐकणारी मुलगी आपल्या घरात आहे, कुणालाही सांगताना ऊर भरून येतो माझा.

म्हणूनच परत कानावर येते. आतल्या कानातल्या त्या केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत, कायमचं नुकसान. लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट दाबायला तू आवाज वाढवतेस, घरी आल्यावर कमी करायचं विसरतेस. फोनमध्ये आवाजाला मर्यादा घालता येते ती घाल, आणि पुढच्या कॉन्सर्टला इअरप्लग लावूनच जा, गाणी ऐकू येतात त्यातूनही. आणि रात्री इअरफोन घालून झोपतेस ते तर... झालं, लागले ना लेक्चर द्यायला. सॉरी गं. कॉन्सर्टला जाऊ नकोस असं मी कधीच म्हणणार नाही. तू उड्या मारत गात होतीस तो व्हिडिओ बाबांनी सगळ्यांना दाखवलाय.

एसपीबी गेले त्या सप्टेंबरात, २०२० ला, आठवतंय? मी भाजी निवडत रडत होते आणि तू काही न विचारता त्यांची गाणी लावलीस. आवाज तेवढा बारीक ठेवला होतास, बाबांची मीटिंग चालू होती म्हणून.

उद्याच ईएनटीची अपॉइंटमेंट घे, शनिवारची वाट बघू नकोस, असं काही असेल तर लवकर दाखवलेलं बरं असतं. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करायला सांगतील, करून घे, पैसे पाठवते. रिपोर्टचा फोटो आधी मला टाक, बाबा उगाच गुगल करत बसतील. आणि तोवर इअरफोन ड्रॉवरमध्ये.

आई